विद्याधन आणि वेगळी चूल : शिक्षित अपत्यांच्या सहनिवासाचा ऐतिहासिक विचार

१

महाविद्यालयीन शिक्षण पुरे झाल्यावर मुलाने आईवडिलांच्या घरी राहावे, की स्वतंत्र बिऱ्हाड करावे, हा प्रश्न महाराष्ट्रातील मध्यम वर्गाला निदान दीडशे वर्षे तरी परिचित आहे. त्याची दोन ठराविक उत्तरे दिली जातात. एका पक्षाच्या मते एकत्र राहणे हीच आपली सनातन रीत असून वेगळे होणे हे पाश्चात्य शिक्षणाचे फळ होय. दुसऱ्या पक्षाच्या मते वेगळे होणे ही प्रगतीची स्वाभाविक पायरी असून एकत्र राहणे हा जुन्या काळाचा अवशेष होय. दोन्ही पक्ष सहनिवासाकडे निव्वळ भावनेचा अथवा संस्कृतीचा विषय म्हणून पाहतात. इतिहासात मात्र हा वाद मुख्यतः दुसऱ्याच प्रश्नाच्या रूपाने लढला गेला आहे. कुटुंबाच्या खर्चाने मुलगा शिकला, तर त्या शिक्षणाच्या जोरावर त्याने मिळविलेले धन कोणाचे, हा तो प्रश्न होय. या वादाचा मागोवा घेतल्यास सहनिवासाचा प्रश्नही अधिक स्पष्ट होतो.

‘सनातन रीत’ या कल्पनेविषयी प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. धर्मशास्त्रकारांनी विभक्त होण्याला सरसकट दोष दिलेला नाही. पित्याच्या पश्चात भावांनी एकत्र राहावे अथवा धर्मवृद्धीच्या इच्छेने वेगळे राहावे, असे दोन्ही पर्याय मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दिले असून विभागाने धर्म वाढतो, म्हणून विभाग धर्म्य आहे, असा निर्वाळा तेथे दिला आहे. गौतमाच्या धर्मसूत्रातही विभागाने धर्मवृद्धी होते, असेच मत आहे. घरे जितकी अधिक, तितके गृहस्थ अधिक आणि तितकी नित्य यज्ञकर्मे अधिक, असा हा विचार आहे. अर्थात हे विवेचन प्रामुख्याने भावाभावांच्या संबंधात आहे. पित्याच्या हयातीत पुत्राने वेगळे होण्याविषयी शास्त्रकार अधिक सावध आहेत. तरीही वेगळी चूल मांडणे हे मुळातच अधर्माचे कृत्य होय, असा समज या ग्रंथांतून सिद्ध होत नाही, एवढे निश्चित.

२

विद्येने मिळविलेल्या धनाचा विचारही याच ग्रंथांत आढळतो. पितृद्रव्याची हानी न करता स्वतः मिळविलेले धन, मित्राकडून मिळालेली भेट, विवाहप्रसंगी मिळालेले द्रव्य आणि विद्येने प्राप्त झालेले धन यांत दायादांचा वाटा नाही, असे याज्ञवल्क्यस्मृतीचे म्हणणे आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने या स्मृतीवर लिहिलेली मिताक्षरा ही टीका पुढे महाराष्ट्रात प्रमाण मानली गेली. पितृद्रव्याची हानी न होण्याची अट विज्ञानेश्वराने सर्वच प्रकारांना लागू केली. म्हणजे घरच्या पैशाने विद्या मिळविली असेल, तर तिच्या फळावर घरच्यांचाही अधिकार पोहोचतो. कात्यायनाने विद्याधनाची व्याख्या करताना परक्याचे अन्न खाऊन, परक्याकडून शिकलेल्या विद्येचा निर्देश केला आहे. गुरुगृही राहून शिकणारा ब्रह्मचारी या व्याख्येत सहज बसतो. पुण्यात माधुकरी मागून अथवा वार लावून जेवणारा एकोणिसाव्या शतकातील गरीब विद्यार्थीही तीत बसला असता. बापाने शेत गहाण टाकून ज्याची फी भरली, त्या विद्यार्थ्याचे काय, हा पेच मात्र नव्या शिक्षणाने उभा केला.

३

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाल्यावर पुणे व मुंबई ही शहरे जवळ आली. पदवीधराची नोकरी बहुधा सरकारी व बदलीची असे, किंवा शाळा, कचेरी व न्यायालय जेथे असेल तेथे त्याला जावे लागे. त्यामुळे शिक्षित मुलगा घरापासून दूर राहणार, हे नोकरीच्या स्वरूपानेच ठरून गेले. एकत्र राहावे की न राहावे, हा विचार करण्यास बहुतेकांना अवसरच नव्हता. तत्कालीन भाषाव्यवहारातही याची खूण सापडते. मुंबईच्या चाकरमान्याचे ‘घर’ कोकणात वा देशावर असे. मुंबईत असे ते ‘बिऱ्हाड’. १८८० साली टपाल खात्याने मनीऑर्डरीची सोय केल्यानंतर हे बिऱ्हाड व ते घर यांचा संबंध दरमहा पैशाच्या रूपाने चालू राहू लागला.

परंतु दूर राहणे म्हणजे स्वतंत्र होणे नव्हे, आणि मिळवता होणे म्हणजेही स्वतंत्र होणे नव्हे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या चरित्रातील १८७३ सालचा प्रसंग या दृष्टीने बोधप्रद आहे. विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेले रानडे त्या वेळी पुण्यात न्यायखात्यात उच्च पदावर होते आणि विधवाविवाहाच्या चळवळीत त्यांचे नाव अग्रभागी होते. त्यांच्या प्रथम पत्नीचे निधन झाल्यावर त्यांचे वडील गोविंदराव यांनी त्यांचा विवाह अल्पवयीन कुमारिकेशी ठरविला. रानडे यांना तो मान्य नव्हता, तरीही त्यांनी वडिलांच्या आज्ञेपुढे मान तुकविली. रानडे अन्नासाठी वडिलांवर अवलंबून नव्हते. वडिलांचा अधिकार पैशावर नव्हे, तर घरातील स्थानावर उभा होता. याच विवाहाने त्या घरात आलेल्या रमाबाईंनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथात त्या कुटुंबाचे अंतरंग दाखविले आहे. पतीच्या प्रोत्साहनाने चाललेल्या त्यांच्या शिक्षणाला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी केलेला विरोध त्यात वाचावयास मिळतो. मिळवता पुत्र घराचा आधार होता, पण घराच्या आतील कारभारावर त्याची सत्ता मर्यादितच होती.

धोंडो केशव कर्वे यांचा अनुभव याच्या उलट आहे. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, त्या वेळी ते पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापन करीत होते. मुरूड येथील समाजाने त्यांच्यावर बहिष्कार घातला आणि जन्मघराचे दार त्यांना पूर्ववत मोकळे राहिले नाही. घरच्यांनी त्यांना आश्रय दिला असता, तर बहिष्कार घरच्यांवरही आला असता. पुण्यात स्वतःची मिळकत व स्वतःचे बिऱ्हाड नसते, तर हे पाऊल टाकून टिकून राहणे कर्वे यांना शक्य झाले असते काय, याचा विचार केला असता स्वतंत्र बिऱ्हाडाचे सामाजिक महत्त्व ध्यानात येते. रानडे यांच्या मनाचा कमकुवतपणा व कर्वे यांच्या मनाचा खंबीरपणा एवढाच भेद यातून काढणे अपुरे ठरेल. एकाच्या घरी वडिलांचा सहवास होता व दुसऱ्याच्या कार्यस्थळी तो नव्हता, हा भेदही तितकाच निर्णायक होता.

कुटुंबाची बाजूही याच काळात पाहावयास मिळते. गोपाळ गणेश आगरकर यांनी आपल्या आईला पत्राने कळविले होते की, मुलगा मोठ्या परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून आता तो पुष्कळ पगार मिळवील, अशी आशा तिने धरू नये. पोटापुरत्या पैशावर संतोष मानून तो आपला वेळ लोकांच्या हितासाठी घालविणार होता. या पत्राचे स्मरण त्यागाचा आदर्श म्हणून केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यात गृहीत धरलेली आईची अपेक्षाही इतिहासकाराने नोंदविली पाहिजे. मुलाचे शिक्षण हा कुटुंबाने केलेला व्यय होता आणि त्याची परतफेड होईल, ही त्या काळातील असंख्य मातापित्यांची रास्त समजूत होती. धाकट्या भावांचे शिक्षण आणि बहिणींची लग्ने याच समजुतीवर अवलंबून असत.

४

ही समजूत न्यायालयात पोहोचणे अपरिहार्य होते. मुंबई उच्च न्यायालयाने १८८२ साली सामान्य शिक्षण व विशेष शिक्षण असा भेद केला. प्राथमिक स्वरूपाचे शिक्षण कुटुंबाच्या खर्चाने झाले, एवढ्यावरून पुढील सर्व मिळकत एकत्र कुटुंबाची ठरत नाही. एखाद्या विशिष्ट धंद्याचे शिक्षण कुटुंबाच्या द्रव्याने दिले असेल, तर मात्र ती ठरू शकते. हा भेद वरवर सोयीचा असला, तरी शिक्षण जसजसे उच्च, तसतसा शिकलेल्याचा आपल्या कमाईवरील अधिकार कमी, असा त्याचा विलक्षण परिणाम होता.

याच सुमारास पुत्राच्या विभक्त होण्याच्या अधिकारालाही मुंबई इलाख्यात एक मर्यादा पडली. मिताक्षरेनुसार पुत्राला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क प्राप्त होतो. तथापि पिता स्वतः आपल्या पित्याशी वा भावांशी अविभक्त असेल, तर त्याच्या संमतीवाचून पुत्राला वाटणी मागता येत नाही, असा निर्णय उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकाच्या आरंभी दिला. या निर्णयाशी असहमत होऊन पुत्राच्या हक्काची बाजू घेणारे न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. नव्या विद्यापीठाच्या पदवीधरांपैकीच एक असलेल्या, संस्कृत ग्रंथांत पारंगत न्यायाधीशाने मूळ शास्त्राच्या आधारे पुत्राचे स्वातंत्र्य मांडले आणि बहुमताने ते नाकारले, ही घटना लक्षणीय आहे. परंपरेचे रक्षण व पुत्राचे परावलंबन या दोन गोष्टी एकच नव्हत्या, हे यावरून दिसते.

वादाने कळस गाठला तो १९२१ साली. पंजाबातून आलेल्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने असे ठरविले की, कुटुंबाच्या द्रव्याने शिक्षण घेऊन सनदी सेवेत दाखल झालेल्या व्यक्तीचे उत्पन्न हे एकत्र कुटुंबाचे उत्पन्न होय. इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकाऱ्याचे वेतनही जर कुटुंबाचे, तर वकील, डॉक्टर, अभियंता व प्राध्यापक यांचे काय, अशी चिंता सुशिक्षित वर्गात उत्पन्न होणे स्वाभाविक होते. याआधी मद्रासच्या विधिमंडळात व्ही. भाष्यम अय्यंगार यांनी विद्याधनाविषयी विधेयक आणले होते. परंतु गव्हर्नरची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही. ते कार्य तडीस नेण्याचे श्रेय मुंबईचे बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांच्याकडे जाते. त्यांच्या प्रयत्नाने मध्यवर्ती विधिमंडळात संमत झालेला हिंदू विद्याधन कायदा १९३० सालच्या जुलैमध्ये अमलात आला. सविनय कायदेभंगाच्या त्या उन्हाळ्यानंतर, तेजबहादुर सप्रू यांच्यासह जयकर काँग्रेस व सरकार यांच्यात मध्यस्थी करीत असतानाच हा कायदा पुस्तकात आला. राजकीय घडामोडींच्या गलबल्यात त्याची चर्चा झाकोळली गेली असल्यास नवल नाही. पुढे १९४८ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू जयकरच झाले.

हा कायदा आकाराने अगदी लहान आहे. विद्या म्हणजे प्राथमिक, तांत्रिक, शास्त्रीय, विशेष वा सामान्य असे कोणतेही शिक्षण आणि उपजीविकेसाठी घेतलेले कोणतेही प्रशिक्षण, अशी व्यापक व्याख्या करून त्याने जुना भेद मोडून काढला. ते शिक्षण कुटुंबातील व्यक्तीने दिले, कुटुंबाच्या द्रव्याने झाले, अथवा शिकत असताना त्या व्यक्तीचा किंवा तिच्या बायकामुलांचा निर्वाह कुटुंबाने केला, एवढ्याच कारणाने तिची कमाई तिची स्वतंत्र मिळकत नाही असे मानता येणार नाही, असे त्याने ठरविले. कात्यायनाने घातलेली परान्नाची अट या शब्दांनी संपुष्टात आली. घरचे अन्न खाऊन शिकलेला मुलगाही आता आपल्या कमाईचा एकटा धनी झाला.

या कायद्याने न्याय झाला, तसा एक प्रश्न अनुत्तरितही राहिला. आपल्या श्रमाचे फळ आपले, हे तत्त्व निर्विवाद आहे. आळशी सहदायादाने कष्टाळू भावाच्या वेतनात कायदेशीर वाटा मागावा, यात न्याय नव्हता. परंतु ज्या भावाने शेतावर राहून थोरल्याला शहरात शिकविले, ज्या बहिणीला शाळेतून काढून तिच्या वाट्याचा पैसा त्याच्या फीला लावला, ज्या आईचे दागिने त्याच्या परीक्षेसाठी सोनाराकडे गेले, त्यांच्या खर्चाचे काय, याचे उत्तर कायद्याने दिले नाही. हक्क काढून घेतला गेला आणि त्याच्या जागी कर्तव्य लिहिले गेले नाही. जे पूर्वी न्यायालयात मागता येत होते, ते आता मुलाच्या कृतज्ञतेवर सोपविले गेले.

५

मिळकत अशी वेगळी होत असतानाच शहरातील परिस्थितीने छप्पर मात्र एकत्र ठेवले. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला व चाळींची बांधकामे झाली, तरी जागेची टंचाई सरली नाही. भाड्यावर नियंत्रण घालणारा कायदा १९१८ साली आला आणि १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम संमत झाला. या अधिनियमात भाडेकरूच्या व्याख्येत एक उपयुक्त तरतूद होती. राहत्या जागेचा भाडेकरू मरण पावल्यास, मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबीय भाडेकरू होऊ शके. म्हणजे वडिलांच्या नावची खोली टिकवावयाची, तर मुलाने त्यांच्याबरोबर राहणे आवश्यक झाले. जो वेगळा निघाला, त्याचा त्या खोलीवरील दावा दुबळा पडला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने मार्च २००० मध्ये जुन्या अधिनियमाची जागा घेतली, तरी हे तत्त्व कायम राहिले. दादर, गिरगाव, परळ येथील असंख्य घरांत विवाहित मुलगा आईवडिलांबरोबर दोन खोल्यांत राहिला, तो पितृभक्तीने राहिला की भाड्याच्या पावतीसाठी, हे त्याला स्वतःलाही वेगळे करून सांगता आले नसते. बहुधा दोन्ही कारणे खरी होती.

समाजशास्त्रज्ञांनी या गुंतागुंतीची दखल घेतली आहे. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथात एकाच छपराखाली राहणे, एकाच चुलीवर शिजलेले अन्न खाणे, सामाईक मिळकत असणे, सामाईक देवपूजा असणे आणि विशिष्ट नात्याने बांधलेले असणे, ही एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली. आय. पी. देसाई यांनी १९६४ साली प्रसिद्ध केलेल्या महुवा गावाच्या अभ्यासात मात्र निवास हे लक्षण दुय्यम ठरवून परस्परांची कर्तव्ये व मिळकतीचे संबंध यांवर भर दिला. पुढे १९७३ साली ए. एम. शहा यांनी घर व कुटुंब या दोन संकल्पना काटेकोरपणे वेगळ्या केल्या. मुंबईच्या बिऱ्हाडातून दरमहा घरी मनीऑर्डर पाठविणारा चाकरमानी पहिल्या व्याख्येने विभक्त, तर दुसऱ्या व्याख्येने एकत्र ठरतो. उलट, वडिलांच्या खोलीत राहून आपला पगार स्वतंत्र ठेवणारा पदवीधर पहिल्या व्याख्येने एकत्र दिसतो, पण त्याचे एकत्रत्व छपरापुरतेच असते.

६

१९३० च्या कायद्याने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न स्वातंत्र्योत्तर काळात हळूहळू हाती घेण्यात आला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ असलेल्या वृद्ध वा दुर्बल मातापित्यांचे पोषण करण्याचे बंधन पुत्राबरोबर कन्येवरही घातले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने निर्वाहाच्या तरतुदीत मातापित्यांचा समावेश केला. या तरतुदीखाली महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली, वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या विवाहित कन्येवरही पित्याच्या निर्वाहाची जबाबदारी येऊ शकते, असा निर्णय दिला. विद्याधनाच्या इतिहासात हा निर्णय महत्त्वाचा मानला पाहिजे. पूर्वीच्या सर्व वादात शिकणारा व मिळविणारा तो पुत्र, हे गृहीतच होते. कन्येच्या विद्येचे फळ माहेरी येणार नाही, म्हणून तिच्यावर खर्च नको, हा हिशेब शतकभर मुलींच्या शिक्षणाच्या आड आला होता. महाराष्ट्राने १९९४ साली व केंद्राने २००५ साली कन्येला सहदायाद केल्यावर हक्काच्या बाजूनेही तो हिशेब खोटा ठरला.

२००७ साली मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा स्वतंत्र अधिनियम आला. त्याने प्रौढ अपत्यांवर निर्वाहाचे कर्तव्य लादले. तसेच सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडल्यास, परत मिळविण्याची वाट मोकळी केली. अपत्यांनी आईवडिलांबरोबर राहिलेच पाहिजे, असे मात्र त्यात म्हटलेले नाही. याउलट २०१६ साली एका घटस्फोटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पुत्राला त्याच्यावर अवलंबून असलेल्या मातापित्यांपासून सबळ कारणावाचून वेगळे करण्याचा पत्नीचा आग्रह ही क्रूरता ठरू शकते, असे मत व्यक्त केले आणि मुलाने आईवडिलांबरोबर राहणे ही येथील रूढ रीत असल्याचा आधार घेतला. रमाबाईंच्या आठवणी ज्याने वाचल्या असतील, त्याला या मताची दुसरी बाजूही दिसेल. सहनिवासाचा भार घरातील ज्या व्यक्तीवर सर्वाधिक पडतो, ती बहुधा त्या घरात जन्मलेली नसते, आणि तिचे आईवडीलही कोठेतरी वृद्ध होत असतात.

७

या सर्व इतिहासावरून सहनिवासाच्या प्रश्नावर एकच सर्वकालीन निर्णय देता येणार नाही. त्यातील तीन वेगळे धागे मात्र स्पष्ट होतात. छप्पर कोणाचे व कोठे, हे बहुधा नोकरी, भाडे व जागेची टंचाई यांनी ठरविले. अधिकार कोणाचा, हे सहवासाने ठरविले. १८७३ साली मिळवत्या पुत्रालाही तो मानावा लागला आणि १८९३ साली तो नाकारण्यासाठी वेगळे बिऱ्हाड उपयोगी पडले. कर्तव्य कोणाचे, हे मात्र यांपैकी कशानेही आपोआप ठरले नाही. ते स्वतंत्रपणे मान्य करावे लागले, आणि कायद्याला ते लिहिण्यास पुत्राची कमाई मुक्त केल्यानंतर सव्वीस वर्षे लागली.

म्हणून पदवी घेतलेल्या मुलाने वा मुलीने कोठे राहावे, या प्रश्नाला इतिहासाने दिलेले महत्त्व दुय्यम आहे. शास्त्रकारांना वेगळे राहणे निषिद्ध वाटले नव्हते. पितृद्रव्याच्या जोरावर मिळविलेली विद्या संपूर्णतः स्वतःची मानणे तेवढे त्यांना खटकले होते. त्यांनी सुचविलेला उपाय, म्हणजे कमाईतच वाटा ठेवणे, आधुनिक न्यायबुद्धीला पटला नाही व तो सोडून दिला गेला, हे योग्यच झाले. परंतु त्यांची शंका त्या उपायाबरोबर निकालात निघालेली नाही. विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीमागे कोणाचे तरी न घेतलेले शिक्षण व न केलेला खर्च उभा असतो, ही वस्तुस्थिती जोवर आहे, तोवर वेगळ्या चुलीवर स्वयंपाक करणाऱ्यालाही तिचा हिशेब चुकता करावा लागेल, आणि एकाच छपराखाली राहणाऱ्याचीही केवळ तेवढ्याने त्यातून सुटका होणार नाही.